श्वासांची मोजदाद : आलापल्लीच्या वाटेवरचा एक इतिहास

आलापल्ली हे नाव घेतले की महाराष्ट्रातील बहुतेकांच्या डोळ्यांपुढे सागवान उभे राहते. जुन्या चांदा जिल्ह्यातील ह्या अरण्याची कीर्ती इंग्रजी अमदानीपासूनची. येथील लाकूड देशभर गेले. कित्येक वाड्यांची, मंदिरांची आणि चर्चची दारे त्या लाकडाची आहेत. गावापासून भामरागडच्या वाटेवर ‘वनवैभव’ नावाचा सुमारे ६ हेक्टरांचा राखलेला वनखंड आहे. २०१४ साली त्यास जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. उंच सरळसोट सागांच्या सावलीत उभे राहून दीर्घ श्वास घेणाऱ्या प्रवाशास, ह्या मुलखात मुलांच्या श्वासाचाही काही प्रश्न असेल, अशी शंकासुद्धा येणार नाही.

परंतु तो प्रश्न आहे, आणि त्याला इतिहासही आहे. चंद्रपूर व गडचिरोली ह्या दोन जिल्ह्यांत मुलांच्या छातीवर तीन गोष्टींचे ओझे पडत आले : घरातील चुलीचा धूर, शहरातील कोळशाचा धूर आणि अलीकडे रस्त्यावरची खनिजाची धूळ. ही तिन्ही ओझी उतरवण्यासाठी लोकांनी, संस्थांनी आणि ग्रामसभांनी जे प्रयत्न केले, त्यांचा मागोवा घेण्याचा आमचा येथे मानस आहे. आमचे वाचक बहुतांशी कुटुंबवत्सल आहेत. ज्या घरात रात्री मुलाला धाप लागते, त्या घराला हा इतिहास परका वाटणार नाही.

आरंभीच एक भेद स्पष्ट केला पाहिजे. दमा आणि न्यूमोनिया हे दोन वेगळे आजार आहेत. दम्यात श्वासनलिका संवेदनशील झालेल्या असतात. धूर, धूळ, परागकण, थंड हवा, सर्दी अथवा विडीचा वास ह्यांपैकी काहीही निमित्त झाले की त्या आकुंचन पावतात व छातीत घरघर सुरू होते. न्यूमोनियात फुप्फुसाला जंतूंची लागण होते व बाळ वेगाने श्वास घेऊ लागते. पहिला आजार वर्षानुवर्षे छळतो, दुसरा चार दिवसांत जीव घेऊ शकतो. मात्र दोघांचा एक शत्रू समान आहे, तो म्हणजे धुराने भरलेली हवा. शिवाय दुर्गम गावात दोन्ही आजारांना एकाच शब्दात गुंडाळले जाते, आणि म्हणून कित्येक मुलांच्या दम्याची कोठेच नोंद होत नाही. ज्याची नोंद नाही त्याविषयी धोरणही नसते. ह्या साऱ्या इतिहासात मोजदादीला एवढे महत्त्व का आले, त्याचे कारण येथे आहे.

मण्यांवर मोजलेले श्वास

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. धान, मोह, तेंदू आणि बांबू ह्यांवर जगणारा हा मुलूख. चार वर्षांनी डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग हे दांपत्य येथे कामास आले. त्यांच्या ‘सर्च’ ह्या संस्थेने गावोगाव बालमृत्यूंची नोंद सुरू केली, तेव्हा एक गोष्ट ठळकपणे पुढे आली : पाच वर्षांखालील मुलांचा सर्वांत मोठा मारेकरी न्यूमोनिया होता. लोकांना तो आजार ठाऊक होता. ‘लहाक’, ‘डब्बा’ अशी त्याला त्यांची स्वतःची नावे होती. ठाऊक नव्हते ते एवढेच की त्यावर साधे औषध असते आणि ते वेळेवर दिले तर मूल वाचते.

डॉक्टर तर गावापासून पन्नास-पन्नास कोस दूर. तेव्हा आजार ओळखायचा कोणी? उत्तर मिळाले ते गावातल्या सुइणींकडून. पण न्यूमोनिया ओळखायचा म्हणजे एका मिनिटातील श्वास मोजायचे : दोन महिन्यांखालील बाळाचे ६० किंवा अधिक, वर्षाखालील बाळाचे ५० किंवा अधिक श्वास भरले की धोका. सुइणींना बारापलीकडे मोजता येत नव्हते. ह्यावर एक साधे उपकरण तयार करण्यात आले. लाकडी चौकटीत एका मिनिटाची वाळूची घटिका आणि तारेवर ओवलेले मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्यापूर्वी तांबडा मणी सरकला तर बाळाला न्यूमोनिया आहे असे समजून औषध सुरू करायचे. निरक्षर सुईण त्या मण्यांवर बाळाचा श्वास मोजू लागली.

ह्या प्रयोगाचे निष्कर्ष १९९० साली ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ज्या ५८ गावांत हे काम झाले तेथे न्यूमोनियाने होणारे मृत्यू दर हजार मुलांमागे ८.१ होते; तुलनेसाठी घेतलेल्या ४४ गावांत ते १७.५ होते. औषधाचा खर्च दर मुलामागे वर्षाला काही पैशांचाच होता. घरच्या दारी, गावच्याच माणसाच्या हातून, बालकाच्या न्यूमोनियावर उपचार होऊ शकतो, ही गोष्ट जगाने गडचिरोलीकडूनही शिकली.

मात्र हे उपचार झाले. धूर आपल्या जागी होताच. आढ्याला काजळीचे थर, कोनाड्यात ओली लाकडे, आणि आईच्या मांडीवर किंवा पाठीशी बांधलेले तान्हे मूल हे दृश्य ह्या भागात आम्ही कित्येक घरांत पाहिले आहे. चुलीशेजारी बाळाला ठेवण्यामागे अडाणीपणा नाही. हिवाळ्यात तेथेच ऊब असते, रात्रीच्या अंधारात तेथेच उजेड असतो, आणि हिवतापाच्या ह्या मुलखात धुरामुळे डास दूर राहतात हा पिढ्यांचा अनुभव असतो. म्हणून ‘धूर करू नका’ असा नुसता उपदेश करून भागत नाही. औषधी मच्छरदाणी आणि गरम पांघरूण घरात पोहोचले तर धुराची गरज कमी होते. मच्छरदाणीचे धोरण हे अशा रीतीने श्वासाचेही धोरण ठरते.

चुलीची चळवळ

धुराविरुद्धची पहिली हालचाल विदर्भातच, वर्ध्याला झाली, ह्याची आज फारशी आठवण ठेवली जात नाही. महात्मा गांधींच्या प्रेरणेने चाललेल्या मगनवाडीतील ग्रामोद्योगांच्या कार्यकर्त्यांनी १९४० च्या दशकात धुराडे असलेली चूल घडवली. ती ‘मगन चूल’ म्हणून ओळखली गेली. पुढे १९५३ साली हैदराबादेत एस. पी. राजू ह्यांनी धूरविरहित स्वयंपाकघराचा पुरस्कार केला. तथापि त्या काळी मुख्य हेतू लाकूड वाचवणे आणि गृहिणीचे डोळे वाचवणे एवढाच होता. मुलांच्या फुप्फुसांचा विचार व्हायचा होता.

तो विचार मोजणीतूनच आला. १९८१ साली अमेरिकन शास्त्रज्ञ कर्क स्मिथ ह्यांनी भारतीय सहकाऱ्यांसह गुजरातमधील खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर यंत्रे लावून त्यांच्या श्वासावाटे किती धूर आत जातो हे मोजले. आकडे पाहून शास्त्रज्ञही चकित झाले, कारण हवेच्या प्रदूषणाची चर्चा तोवर शहरांच्या धुराड्यांपुरती मर्यादित होती. खेड्यातील स्वयंपाकघर हेच जगातील अत्यंत दूषित जागांपैकी एक आहे, हे त्यानंतर हळूहळू मान्य झाले.

त्याच सुमारास केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. तो २००२ सालापर्यंत चालला. लक्षावधी चुली बसवल्याची नोंद झाली. परंतु चुली फुटल्या, धुराडी तुंबली, आणि दुरुस्तीला कोणी फिरकले नाही. बसवलेल्या चुली मोजल्या गेल्या, पेटणाऱ्या चुली मोजल्या गेल्या नाहीत. महाराष्ट्रात डॉ. आनंद कर्वे ह्यांच्या ‘आरती’ ह्या पुण्याच्या संस्थेने (स्थापना १९९६) गावातील बायकांनाच चुली घडवण्याचे प्रशिक्षण देऊन ह्या उणिवेवर काही उपाय शोधला.

१ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना आली. गॅसची जोडणी घरातील स्त्रीच्या नावे मिळू लागली. ७ सप्टेंबर २०१९ रोजी ह्या योजनेतील आठ कोटीवी जोडणी महाराष्ट्रातच, तेव्हाच्या औरंगाबादेत, दिली गेली. दुर्गम भागातील बाईच्या दारात सिलिंडर पोहोचणे ही लहान गोष्ट नव्हे. तरी ह्या लाभार्थी घरांतून वर्षाला सरासरी चार-पाच सिलिंडरच भरून घेतले जातात, असे सरकारी आकडेच सांगतात. बाकीचा स्वयंपाक लाकडावर होतो. जंगल दाराशी आहे, लाकूड फुकट आहे, आणि सिलिंडरचे पैसे एकरकमी मोजावे लागतात. जोडणीचा आकडा आणि वापराचा आकडा ह्यांतील हे अंतर म्हणजे जुन्या चुलींच्या कार्यक्रमाचीच पुनरावृत्ती होण्याची भीती आहे.

येथे प्रामाणिकपणे आणखी एक गोष्ट नोंदवावी लागेल. तामिळनाडूसह चार देशांत गॅसच्या शेगड्या पुरवून केलेल्या एका मोठ्या अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाले, वर्षाखालील बाळांचा गंभीर न्यूमोनिया अपेक्षेप्रमाणे घटलेला आढळला नाही. ह्याचा अर्थ धूर निरुपद्रवी आहे असा नव्हे. एका घराची चूल बदलली तरी शेजारच्या घराचा धूर, कचऱ्याचा धूर, कुपोषण आणि दाटीवाटी तशीच राहते, हे त्यामागील संभाव्य कारण आहे. हवा ही सामायिक वस्तू आहे. विहिरीप्रमाणे तीही साऱ्या गावाने मिळून राखावी लागते. येथूनच संघटित प्रयत्नांचे महत्त्व सुरू होते.

एकजुटीचे दोन धडे

गडचिरोलीला अशा एकजुटीची सवय होती. १९८० च्या दशकाच्या अखेरीस जिल्ह्यात दारूवर होणाऱ्या खर्चाचा अंदाज काढण्यात आला, तेव्हा तो सुमारे २० कोटी रुपये भरला. जिल्ह्याच्या विकासाची वार्षिक योजना १४ कोटींची होती. हे दोन आकडे शेजारी ठेवताच चर्चेचे रूप पालटले. गावे, महिला, आदिवासी संघटना, शिक्षक आणि सर्व पक्षांचे कार्यकर्ते एकत्र आले, आणि १९९३ साली शासनाने जिल्ह्यात दारूबंदी लागू केली. पुढे २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ ह्या उपक्रमाने दारूबरोबर तंबाखूचाही प्रश्न हाती घेतला. येथील गल्लोगल्ली मिळणारा खर्रा आणि घराघरातील विडी ह्यांचा मुलांच्या आरोग्याशी संबंध आहे. विडीचा धूर ओढणाऱ्याचा असतो, तसा तो खोलीतल्या दमेकरी मुलाचाही होतो. २००३ च्या केंद्रीय कायद्यानुसार शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही, हे आपल्यापैकी प्रत्येक पालकाला माहीत असावयास हवे.

विडीच्या बाबतीत एक अवघड प्रश्नही आहे. तिचे पान, तेंदू, ह्याच जंगलातून जाते. उन्हाळ्यातील पंधरा-वीस दिवसांच्या तोडणीवर कित्येक कुटुंबांचे पावसाळ्याचे धान्य अवलंबून असते. शिवाय नवी पालवी यावी म्हणून, किंवा मोहफुले वेचण्यास जमीन मोकळी व्हावी म्हणून, काही ठिकाणी जंगलाला आग लावली जाते आणि फाल्गुन-चैत्रात सारा मुलूख धुरकटतो. वनहक्क कायद्याने ज्या ग्रामसभांना जंगलावर सामूहिक अधिकार मिळाले, त्यांच्या हाती आता आग रोखण्याचे सामर्थ्यही आले आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाने २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर असा अधिकार मिळवला. देवाजी तोफा आणि दिवंगत मोहन हिराबाई हिरालाल ह्यांच्या प्रयत्नांतून ह्या गावाने सर्वसहमतीने निर्णय घेण्याची जी रीत बसवली, ती अशा प्रश्नांत फार मोलाची आहे. उपजीविका आणि श्वास ह्यांपैकी एकच निवडा असे कोणीही बाहेरून सांगू शकत नाही. ते गावाने बसून ठरवावयाचे असते.

दुसरा धडा बालमृत्यूंचा. राज्यातील १३ स्वयंसेवी संस्थांनी एकत्र येऊन गावांत व झोपडपट्ट्यांत बालमृत्यू मोजले आणि २००१ साली ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल प्रसिद्ध केला. महाराष्ट्रात दरवर्षी सुमारे १ लाख ७५ हजार बालके दगावतात आणि त्यांतील फारच थोडे मृत्यू सरकारदरबारी नोंदले जातात, असे त्यात दाखवून दिले होते. विधिमंडळात, वृत्तपत्रांत व न्यायालयात खळबळ उडाली. शासनाला स्वतःची नोंदपद्धती तपासण्यासाठी समिती नेमावी लागली. एकट्या संस्थेचा अहवाल कदाचित फडताळात पडला असता. तेरा संस्थांच्या सह्यांचा अहवाल दुर्लक्षित करता आला नाही.

आणखी एक गोष्ट ह्या इतिहासात लक्षात ठेवण्याजोगी आहे. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ रोजी दारूबंदी आली आणि मे २०२१ मध्ये ती उठवण्याचा निर्णय झाला. त्या निर्णयाच्या गुणदोषांत येथे शिरण्याचे कारण नाही. लोकांनी मिळवलेले धोरण लोकांचे लक्ष हटले की, किंवा अंमलबजावणी ढासळली की, पुन्हा जाऊ शकते, एवढा बोध पुरेसा आहे.

काळ्या सोन्याचे शहर

आता आलापल्लीहून शंभराहून अधिक किलोमीटरवरील चंद्रपूरकडे वळू. आलापल्लीचे मूल शिकावयास, आजारी पडल्यास आणि मोठेपणी पोट भरावयास ह्याच शहराकडे जाते. वरोऱ्याची कोळसा खाण १८७० च्या दशकातली. त्यानंतर बल्लारपूर, घुग्घुस, माजरी अशा खाणी आल्या. कागद गिरणी आली, सिमेंटचे कारखाने आले, आणि १९८३ पासून महाऔष्णिक विद्युत केंद्र वीज देऊ लागले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस त्याची क्षमता २३४० मेगावॉट होती. आज जुने दोन संच बंद होऊन व नवे दोन सुरू होऊन ती २९२० मेगावॉट आहे. मुंबई-पुण्याच्या घरांत दिवा लागतो त्यामागे चंद्रपूरचा कोळसा जळत असतो. राख मात्र चंद्रपूरच्या वाट्याला येते. खाणीजवळच्या वस्त्यांत तर स्वस्त कोळसा सिगडीतही जळतो, आणि संध्याकाळी तो धूर जमिनीलगत साचून राहतो.

डिसेंबर २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील ८८ औद्योगिक क्षेत्रांचा प्रदूषण निर्देशांक जाहीर केला. अंकलेश्वर, वापी आणि गाझियाबाद ह्यांच्यानंतर चौथे नाव चंद्रपूरचे होते, निर्देशांक ८३.८८. येथेही एका आकड्याने काम केले. जानेवारी २०१० मध्ये अशा अतिप्रदूषित क्षेत्रांत नव्या उद्योगांना परवानगी देण्यास काही काळ स्थगिती मिळाली आणि राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला चंद्रपूरसाठी कृती आराखडा करावा लागला. ‘इको-प्रो’चे बंडू धोतरे, ‘ग्रीन प्लॅनेट सोसायटी’चे प्रा. सुरेश चोपणे ह्यांसारख्या कार्यकर्त्यांनी आणि स्थानिक पत्रकारांनी हा विषय सतत जागा ठेवला. जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जाहीर झाला, त्यातही चंद्रपूरचा समावेश झाला.

तरी धोरणाची गती आणि मुलाच्या वाढीची गती ह्यांत मोठे अंतर आहे. औष्णिक केंद्रांनी धुरातील गंधक वेगळे करणारी यंत्रणा बसवावी, असा नियम डिसेंबर २०१५ मध्ये झाला व त्यासाठी दोन वर्षांची मुदत होती. मुदती वाढत गेल्या, आणि जुलै २०२५ मध्ये देशातील बहुसंख्य केंद्रांना ह्या अटीतून सूट देण्यात आली. अतिप्रदूषित क्षेत्रांजवळच्या केंद्रांबाबत मात्र प्रत्येक प्रकरण तपासून निर्णय व्हावयाचा आहे, आणि चंद्रपूर त्यांत मोडते. नियम झाला त्या वर्षी जन्मलेले मूल आता शाळेच्या वरच्या वर्गांत गेले आहे. हवेचे मानदंडही असेच. सूक्ष्म धूलिकणांची भारतातील वार्षिक मर्यादा २००९ पासून दर घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सुचवलेली मर्यादा ५ आहे. कोणता आकडा ‘सुरक्षित’ मानायचा, हा देखील धोरणाचाच प्रश्न आहे.

आलापल्लीचा चौक

आलापल्ली हे चौफेर वाटा फुटणारे ठिकाण. एक वाट सिरोंच्याकडे, एक भामरागडकडे, एक एटापल्लीकडे आणि एक आष्टीमार्गे चंद्रपूरकडे. बाबा आमट्यांनी १९७३ साली हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला तेव्हा ह्याच चौकातून पुढे पाऊलवाटेने जावे लागे. आज त्या चौकातून खनिजाचे ट्रक जातात.

एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या पहाडावर लोहखनिजाचा ३४८ हेक्टरांचा पट्टा २००७ साली दिला गेला. उत्खनन अडखळत सुरू झाले आणि २०२१ पासून त्याने वेग घेतला. मार्च २०२३ मध्ये वार्षिक मर्यादा ३० लाख टनांवरून १ कोटी टनांवर नेण्यात आली. साधा हिशेब करू : एका ट्रकमध्ये २५ टन माल धरला, आणि सर्व माल रस्त्याने नेला, तर १ कोटी टनांसाठी वर्षाला ४ लाख खेपा, म्हणजे दिवसाला सुमारे ११०० भरलेले ट्रक आणि तितकेच रिकामे. ऑक्टोबर २०२१ मध्ये खाणीविरुद्ध ग्रामसभांनी एटापल्लीस ठिय्या दिला. आलापल्ली-आष्टी परिसरातील नागरिकांनी रस्त्याची दुर्दशा, धूळ आणि अपघात ह्यांविरुद्ध वेळोवेळी आंदोलने केली. दुसऱ्या बाजूने, ह्या खाणीमुळे अनेक तरुणांना रोजगार मिळाला, हेही तितकेच खरे आहे, आणि त्यामुळे एकाच घरात मतभेद दिसतात. जुलै २०२५ मध्ये खनिजाची भुकटी पाण्यात मिसळून नळावाटे कोनसरीच्या कारखान्याकडे नेण्याची व्यवस्था सुरू झाली. त्यामुळे रस्त्यावरील भार किती उतरतो, हे चौकात बसून कोणालाही मोजता येईल.

ही मोजणी व्यर्थ जात नाही, ह्याचे उदाहरण सातासमुद्रापलीकडचे आहे. अमेरिकेत २००० सालापासून ‘अलाइज अगेन्स्ट अस्थमा’ ह्या उपक्रमात सात ठिकाणी बालदम्याविरुद्ध स्थानिक आघाड्या उभ्या राहिल्या. मिशिगन विद्यापीठातील नोरीन क्लार्क ह्यांचे त्यास मार्गदर्शन होते. कॅलिफोर्नियातील लाँग बीच हे त्यांपैकी एक. मोठ्या बंदराचे हे गाव. मालाचे डिझेल ट्रक शाळांशेजारून अहोरात्र जात. दमेकरी मुलांच्या आया आधी एकमेकींना भेटल्या त्या औषध आणि घरची स्वच्छता शिकण्यासाठी. घर कितीही झाडले तरी खिडकीबाहेरचा धूर आत येतोच, हे त्यांच्या ध्यानात आले. मग त्यांनी शाळेपाशी उभे राहून ट्रक मोजले, छोट्या यंत्रांनी हवेतील कण मोजले, आणि ते आकडे घेऊन त्या सार्वजनिक सुनावण्यांत उभ्या राहिल्या. त्यांच्यासह अनेक संघटनांच्या रेट्यामुळे २००६ साली तेथील दोन बंदरांनी स्वच्छ हवेचा आराखडा मंजूर केला आणि १ ऑक्टोबर २००८ पासून १९८९ पूर्वीच्या जुन्या ट्रकांना बंदरात प्रवेश बंद झाला. बंदर चालूच राहिले, माल चालूच राहिला; बदलले ते ट्रक.

आपल्या समाजालाही हा मार्ग अनोळखी नाही. वसईत १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या रूपाने सर्व धर्मांच्या गावकऱ्यांना पाणी आणि हिरवाई ह्यांसाठी एकत्र आणले. २०१५ साली पोप फ्रान्सिस ह्यांनी ‘लौदातो सी’ ह्या विश्वपत्रात स्वयंपाकाच्या इंधनाचा धूरही आजाराचे कारण म्हणून नोंदवला. चुलीचा धूर एवढ्या दूरवर पोहोचला असेल तर तो आमच्या धर्मग्रामाच्या बैठकीतही पोहोचावयास हरकत नसावी.

पुढे काय करता येईल

आजवरच्या ह्या प्रयत्नांतून काही गोष्टी हाती लागतात. घरात मुलाला वारंवार खोकला, रात्रीची धाप किंवा घरघर असेल तर त्याला डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. ‘पंपाची सवय लागते’ हा समज निराधार आहे. पंपातून औषध थेट श्वासनलिकेत पोहोचते, म्हणून ते थोडे पुरते आणि शरीराला कमी त्रास देते. मेळघाटासारख्या भागात धाप लागलेल्या बाळाच्या पोटावर चटके देण्याची प्रथा होती. ती जेथे कोठे शिल्लक असेल तेथे प्रेमाने पण ठामपणे थांबवावी. हे झाले घरचे.

गावाचे काम वेगळे आहे. ज्या खाणीस वा कारखान्यास पर्यावरण मंजुरी मिळते, त्याने दर सहा महिन्यांनी अटींच्या पूर्ततेचा अहवाल देणे बंधनकारक असते. हा भाग पेसा कायद्याखाली आहे. ग्रामसभेने असा अहवाल मागवावा, मराठीत व गोंडी-माडियात वाचून घ्यावा. ट्रकांवर ताडपत्री आहे का, रस्त्यावर पाणी मारले जाते का, शाळा सुटण्याच्या वेळी वाहतूक थांबते का, हे प्रश्न विचारण्यास वैद्यकीय पदवी लागत नाही. गॅसच्या जोडण्या किती झाल्या ह्यापेक्षा सिलिंडर किती भरले, हे आमसभेत विचारावे. शिक्षक, आशा कार्यकर्ती, धर्मभगिनींचे दवाखाने, महिला बचत गट आणि खाणीत काम करणारे तरुण ह्या सर्वांना एका बैठकीत बसवावे. त्यांच्यापैकी कोणालाही वगळले तर आघाडी लंगडी होते. रोजगार गमावण्याची भीती ज्याला आहे, त्याचेही मूल त्याच शाळेत जाते.

आणि ह्या सर्वांआधी एक वही हवी. कोणत्या मुलाने खोकल्यामुळे अथवा दम्यामुळे शाळा किती दिवस चुकवली, त्या दिवशी चौकातून किती ट्रक गेले, घरी चूल होती की गॅस, एवढीच तिची कलमे. बारापलीकडे मोजता न येणाऱ्या सुइणींनी लाकडी चौकटीतल्या मण्यांवर मोजले, आणि त्या मोजणीने शेकडो बाळे वाचली. आपल्या मुलांना तर शंभरापलीकडे मोजता येते. वही त्यांच्याच हाती द्यावी. थंडीच्या दिवसांत धूर आणि धूळ दोन्ही जमिनीलगत उतरतात. त्यामुळे येत्या दिवाळीनंतर शाळा उघडेल, तो दिवस ह्या वहीचे पहिले पान लिहिण्यास योग्य होईल.